चिनी साठ वर्षांचा फेरा: सालावरून नाव आणि नावावरून साल कसं काढायचं

घरातलं शके १९४७ चं (२०२५-२६ चं) पंचांग उघडलं की पहिल्याच पानावर ‘विश्वावसुनाम संवत्सर’ असं छापलेलं दिसतं. पूजेच्या संकल्पात गुरुजी तेच नाव घेतात. प्रभवापासून क्षयापर्यंत अशी साठ नावं, ती संपली की पुन्हा प्रभव. चीनमध्येही असाच साठ नावांचा फेरा आहे, आणि तो पूजेपुरता नाही, तिथला इतिहासच त्या नावांनी ओळखला जातो. राजेशाही संपवणारी १९११ ची क्रांती म्हणजे ‘शिनहाय क्रांती’. १८९४ साली जपानशी झालेलं युद्ध म्हणजे ‘जियावू युद्ध’. १८९८ च्या फसलेल्या सुधारणा म्हणजे ‘वूश्यू सुधारणा’. चित्राच्या कोपऱ्यात, शिलालेखाच्या शेवटी, चिनी मातीच्या थाळीच्या बुडाशी कित्येकदा साल म्हणून फक्त दोन अक्षरं असतात. आकडा नसतोच.

त्या दोन अक्षरांवरून साल काढायला एक भागाकार आणि शब्दांच्या दोन याद्या, एक दहांची आणि एक बारांची, एवढं पुरतं. तरीही हिशेब अचूक करून माणूस चुकतो, आणि नेहमी दोनच प्रकारे चुकतो: एक तर एका वर्षाने, नाहीतर थेट साठ वर्षांनी. सुरुवातीला या दोन्ही चुका माझ्याही वहीत पुष्कळ झाल्या. म्हणून सूत्रं तर सांगतोच, पण जास्त वेळ त्या दोन चुकांवर घालवणार आहे.

दोन माळा, एक दहा मण्यांची आणि एक बारा मण्यांची

आपल्या संवत्सरांची साठ नावं एकेक करून पाठ करावी लागतात. चिनी पद्धतीत तसं नाही. तिथे प्रत्येक वर्षाचं नाव दोन तुकड्यांचं असतं. पहिला तुकडा दहांच्या यादीतला, दुसरा बारांच्या यादीतला. चिनी भाषेत पहिल्या यादीला ‘आकाशाची खोडं’ आणि दुसरीला ‘पृथ्वीच्या फांद्या’ म्हणतात. मीही इथे खोड आणि फांदी हेच शब्द वापरतो.

दहा खोडं क्रमाने अशी: १ जिया, २ यी, ३ बिंग, ४ दिंग, ५ वू, ६ जी, ७ गंग, ८ शिन, ९ रन, १० ग्वेई. यांच्या जोड्या पाच तत्त्वांशी बांधलेल्या आहेत. पहिली दोन लाकडाची, पुढची दोन आगीची, मग माती, धातू आणि शेवटी पाणी. जोडीतलं पहिलं यांग (पुरुषतत्त्व), दुसरं यिन (स्त्रीतत्त्व; खालच्या यादीतली यिन फांदी वेगळी).

बारा फांद्या आणि त्यांचे प्राणी: १ त्सी उंदीर, २ छौ बैल, ३ यिन वाघ, ४ माओ ससा, ५ छन ड्रॅगन, ६ सी साप, ७ वू घोडा, ८ वेई बकरी, ९ शन माकड, १० यौ कोंबडा, ११ श्यू कुत्रा, १२ हाय डुक्कर.

पाचवं खोड आणि सातवी फांदी, दोघांचाही उच्चार ‘वू’ आहे. मूळ भाषेत सूर वेगळा आणि अक्षरही वेगळं, पण देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून एक नियम पक्का धरायचा: नावातला पहिला तुकडा नेहमी खोड, दुसरा नेहमी फांदी. ‘वूश्यू’ मधला वू खोड आहे, ‘जियावू’ मधला वू फांदी.

आता दोन्ही माळा एकत्र ओढा. दरवर्षी दोन्हींचा एकेक मणी पुढे सरकतो. जिया-त्सी, यी-छौ, बिंग-यिन असं करत दहाव्या वर्षी ग्वेई-यौ येतं. इथे खोडं संपतात, फांद्या मात्र दोन उरतात. म्हणून अकरावं वर्ष जिया-श्यू, बारावं यी-हाय, आणि तेरावं बिंग-त्सी. दोन्ही माळा एकाच वेळी सुरुवातीला परत यायला साठ वर्षं लागतात, कारण दहा आणि बारा यांचा लसावि साठ आहे. दहा गुणिले बारा एकशेवीस होतात, पण त्यातल्या निम्म्या जोड्या कधीच जमत नाहीत. विषम खोडाला विषमच फांदी मिळते, समाला सम. ‘जिया-छौ’ असं वर्ष झालं नाही आणि होणारही नाही. कुठे तशी जोडी वाचलीत, तर अक्षर ओळखण्यात चूक झाली आहे किंवा छापणाऱ्याने केली आहे, हे लगेच समजा.

सालावरून नाव

इसवी सनातून ३ वजा करा आणि उरलेल्याला ६० ने भागा. बाकी राहील तो फेऱ्यातला क्रमांक. बाकी शून्य आली तर क्रमांक ६०.

क्रमांकाचा शेवटचा आकडा म्हणजे खोड (शून्य असेल तर दहावं). क्रमांकाला १२ ने भागून राहिलेली बाकी म्हणजे फांदी (शून्य असेल तर बारावी).

२०२६ घ्या. ३ वजा करून २०२३. साठ तेहेतीस १९८०, बाकी ४३. शेवटचा आकडा ३, म्हणजे बिंग. ४३ मधून ३६ गेले, उरले ७, म्हणजे वू, घोडा. २०२६ हे बिंगवू वर्ष, आगीच्या घोड्याचं. १९११ साठी १९०८ ला भागा: साठ एकतीस १८६०, बाकी ४८. आठवं खोड शिन, आणि ४८ ला बाराने पूर्ण भाग जातो म्हणून बारावी फांदी हाय. शिनहाय.

तोंडी करायचं असेल तर याहून सोपा मार्ग आहे. खोड थेट सालाच्या शेवटच्या आकड्यात लपलेलं असतं. ४ ने संपणारं प्रत्येक साल जिया, ५ ने संपणारं यी, ६ बिंग, ७ दिंग, ८ वू, ९ जी, ० गंग, १ शिन, २ रन आणि ३ ग्वेई. हे दोन-तीनदा घोकलं की कागद लागत नाही. १९०० आणि १९०१ चं उदाहरण यासाठी फार चांगलं आहे. परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडाचं वर्ष १९००, शून्याने संपतं, म्हणून गंगत्सी. त्या बंडानंतर परकीय सत्तांनी चीनवर ४५ कोटी ताएल चांदीची भरपाई लादली, ती चिनी इतिहासात ‘गंगत्सी भरपाई’ म्हणून ओळखली जाते. पण करारावर सह्या झाल्या ७ सप्टेंबर १९०१ ला, म्हणून त्या कराराचं नाव ‘शिनछौ करार’. एकाच प्रकरणाची दोन नावं, आणि दोन्ही बरोबर.

फांदीसाठी बोटांचा उपयोग करा. आपण पेरांवर जप मोजतो, तसे चिनी लोक डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवून फांद्या मोजत आले आहेत. त्सी अनामिकेच्या मुळाशी, छौ मधल्या बोटाच्या मुळाशी, यिन तर्जनीच्या मुळाशी. तिथून तर्जनीवर वर चढायचं: माओ, छन, आणि टोकाला सी. मग टोकाटोकाने मधल्या बोटावर वू, अनामिकेवर वेई, करंगळीवर शन. करंगळीवरून खाली उतरताना यौ, श्यू, आणि मुळाशी हाय. एक प्रदक्षिणा झाली, आतली पेरं मोकळीच राहिली. १९८४ हे जियात्सी वर्ष होतं, एवढं लक्षात असलं की त्सीपासून अंगठा फिरवत कोणत्याही जवळच्या सालापर्यंत जाता येतं. दूरच्या सालांसाठी जियात्सीचे टप्पे लिहून ठेवा: १६२४, १६८४, १७४४, १८०४, १८६४, १९२४, १९८४, आणि पुढचा २०४४. यातल्या १९२४ ची एक खूण जपानमध्ये उभी आहे. हायस्कूल बेसबॉलसाठी प्रसिद्ध असलेलं कोशिएन मैदान त्या वर्षी बांधलं, आणि ‘कोशि’ म्हणजेच जियात्सीचा जपानी उच्चार.

पहिली चूक: वर्ष कधी बदललं?

वरचं सूत्र एक गोष्ट गृहीत धरतं, की चिनी वर्ष १ जानेवारीला सुरू होतं. ते तसं होत नाही. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २१ फेब्रुवारी या महिनाभरात कधीही येतं. २०२४ मध्ये १० फेब्रुवारीला, २०२५ मध्ये २९ जानेवारीला, २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीला. म्हणून १ जानेवारीपासून नववर्षापर्यंतची तारीख असेल तर आधीच्या सालाचं नाव घ्यायचं. मार्च ते डिसेंबरमध्ये चिंता नाही. जानेवारी-फेब्रुवारी आला की थांबायचं.

आपल्या पंचांगावरूनही याचा अंदाज येतो. चिनी महिना अमावास्येच्या दिवशीच सुरू होतो, आपला दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला. त्यामुळे त्यांचं नववर्ष बहुतेक वेळा आपल्या पौष अमावास्येला पडतं, कधी माघ अमावास्येला. २९ जानेवारी २०२५ आठवून बघा. प्रयागच्या कुंभात मौनी अमावास्येचं स्नान होतं, आणि त्याच दिवशी चीनमध्ये सापाचं वर्ष सुरू झालं. २०२६ मध्ये मात्र नववर्ष महाशिवरात्रीनंतर आलं, म्हणजे माघ अमावास्येला.

ही सीमा न पाहिल्याने काय होतं, ते शिनहाय क्रांतीतच पाहता येतं. क्रांतीची सुरुवात ठरलेला वूचांग शहरातला उठाव १० ऑक्टोबर १९११ ला झाला. सन यत्-सेन यांनी प्रजासत्ताकाचे हंगामी अध्यक्ष म्हणून शपथ घेतली १ जानेवारी १९१२ ला. सहा वर्षांच्या सम्राट पूयीच्या वतीने सिंहासनत्यागाची घोषणा निघाली १२ फेब्रुवारी १९१२ ला. आपल्या नजरेने ही घटना दोन सालांत विभागली जाते, आणि १९१२ सूत्रात टाकलं तर रनत्सी येतं. पण १९१२ चं चिनी नववर्ष होतं १८ फेब्रुवारीला. म्हणजे उठाव, शपथ आणि सिंहासनत्याग, तिन्ही एकाच शिनहाय वर्षात झाले. दोनहजार वर्षांहून जुनी राजेशाही संपली ती शिनहाय वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणूनच या क्रांतीचं हे नाव इतकं नेमकं बसतं. ‘१९११ ची क्रांती’ म्हटलं की शेवटचे दीड महिने बाहेर राहतात.

माणसांच्या जन्मसालांतही हीच गोम आहे. सोंग काळातला थोर कवी सू श याचा जन्म ८ जानेवारी १०३७ चा. पण त्याचं चिनी जन्मवर्ष १०३६ चं बिंगत्सी. चरित्रकोशांत कुठे १०३६ तर कुठे १०३७ दिसतं, ते यामुळे.

यात अजून एक पोटभेद आहे. कुंडली मांडणारे चिनी ज्योतिषी वर्षाची सुरुवात चांद्र नववर्षाला न धरता ‘लीछुन’ला धरतात. सूर्याच्या गतीवरून ठरणारा हा वसंतारंभाचा दिवस ४ फेब्रुवारीच्या आसपास येतो. २०२५ मध्ये तो ३ फेब्रुवारीला होता. म्हणजे ३० जानेवारी २०२५ ला जन्मलेलं मूल लोकव्यवहारात सापाच्या वर्षाचं आणि ज्योतिष्याच्या वहीत ड्रॅगनच्या. इतिहासाची कागदपत्रं, चित्रं, शिलालेख वाचताना मात्र चांद्र नववर्षच धरायचं. १५८२ पूर्वीच्या तारखा ज्युलियन कॅलेंडरच्या (आजच्या इंग्रजी कॅलेंडरच्या आधीच्या) असतील तर नववर्षाची खिडकी त्या तारखांत काही दिवस आधी सरकते, हेही ध्यानात असू द्या.

नावावरून साल

आता उलट दिशा. हातात दोन अक्षरं आहेत, साल हवं आहे.

खोडाचा क्रमांक ६ ने गुणा. फांदीचा क्रमांक ५ ने गुणा. पहिल्यातून दुसरा वजा करा. उत्तर शून्य किंवा ऋण आलं तर ६० मिळवा. हा झाला फेऱ्यातला क्रमांक. त्यात ३ मिळवा, आणि मग हवे तितके साठ मिळवत जा.

रनश्यू घ्या. रन नववं खोड, नऊ सक ५४. श्यू अकरावी फांदी, अकरा पंचे ५५. वजाबाकी उणे १, म्हणजे ५९. तीन मिळवले की ६२. आता साठ-साठ मिळवत गेलं की ९६२, १०२२, १०८२, ११४२ अशी रनश्यू वर्षं मिळतात. ही निवड मी मुद्दाम केली आहे. सू शने लाल कड्याखालच्या नौकाविहारावर लिहिलेलं प्रसिद्ध गद्यकाव्य ‘रनश्यूच्या शरदात, सातव्या महिन्यात’ अशाच शब्दांनी सुरू होतं. शतकाचा उल्लेख नाही, राजाचा नाही. पण सू श १०३७ ते ११०१ जगला. १०२२ मध्ये तो जन्मला नव्हता, ११४२ मध्ये हयात नव्हता. उरतं फक्त १०८२. हिशेबाने सालांची रांग दिली, कवीच्या आयुष्याने त्यातलं एक उचललं.

दुसरी चूक: फेरा कोणता?

वरच्या उदाहरणात आपलं नशीब चांगलं होतं, लेखक माहीत होता. एरवी साठांचा फेरा स्वतःहून हे कधीच सांगत नाही. दोन अक्षरं तुम्हाला साठांतलं एक घर देतात, पण गल्ली देत नाहीत.

चिनी परंपरेने यावर काढलेला तोडगा म्हणजे राजवर्षाचं नाव. साठांतल्या नावासोबत सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव लिहायचं. म्हणून वाचताना आधी त्या नावाचा शोध घ्या. छिंग घराण्याची ही नावं आणि त्यांचं पहिलं वर्ष वहीत उतरवून घेण्यासारखं आहे, कारण बाजारात आणि संग्रहालयांत दिसणाऱ्या वस्तूंपैकी पुष्कळशा याच काळातल्या: शुनच १६४४, कांगशी १६६२, योंगचंग १७२३, छ्येनलोंग १७३६, जियाछिंग १७९६, दाओग्वांग १८२१, श्येनफंग १८५१, तोंगच १८६२, ग्वांगश्यू १८७५, श्वेनतोंग १९०९. नुसता राजवर्षाचा आकडा असेल तर पहिल्या वर्षातून एक वजा करून तो आकडा मिळवायचा. ग्वांगश्यू २४ म्हणजे १८७४ अधिक २४, म्हणजे १८९८. सूत्र लावून पाहा, वूश्यूच येतं. राजवर्ष आणि साठांचं नाव, दोन्ही दिलेली असतील आणि जुळत नसतील, तर त्या वस्तूकडे संशयाने बघा.

पहिलं वर्ष म्हणजे गादीवर बसल्याचं वर्ष नव्हे. जुना सम्राट वारला तरी ते वर्ष त्याच्याच नावाने पूर्ण होई, नवं नाव पुढच्या नववर्षापासून सुरू. कांगशी सम्राट फेब्रुवारी १६६१ मध्ये गादीवर आला, पण कांगशीचं पहिलं वर्ष १६६२.

आणि या कांगशीपाशीच राजवर्षाचा तोडगाही अपुरा पडतो. त्याची कारकीर्द ६१ वर्षं चालली, चीनच्या इतिहासात सर्वांत लांब. पहिलं वर्ष १६६२, रनयिन. एकसष्टावं वर्ष १७२२, तेही रनयिन. ‘कांगशी रनयिन’ एवढंच लिहिलेलं असेल तर दोन उत्तरं निघतात, आणि कागद, शाई, शैली, विषय यावरूनच निवाडा करावा लागतो. नातू छ्येनलोंग याने साठ वर्षं पूर्ण होताच गादी सोडली, आजोबांहून जास्त राज्य करायचं नाही म्हणून.

कांगशी काळातल्या एका प्रकारच्या चिनी मातीच्या भांड्यांच्या बुडाशी निळ्या रंगात पाच अक्षरं असतात: ‘पुन्हा शिनछौ वर्षी केलं’. शिन आठवं, आठ सक ४८. छौ दुसरी, बे पंचे १०. क्रमांक ३८, तीन मिळवून ४१. साठांच्या उड्या मारत गेलं की १६६१ आणि १७२१ मिळतात. १६६१ म्हणजे सम्राट गादीवर आला ते वर्ष. त्यानंतर साठ वर्षांनी तेच नाव परत आलं, तोवर तोच सम्राट गादीवर होता, आणि असं पहिल्यांदाच घडत होतं. भांड्यावरचं ‘पुन्हा’ हे एक अक्षर कोणता फेरा ते सांगून जातं: १७२१. मला या सगळ्या विषयात याहून सुंदर सालदर्शक चिन्ह ठाऊक नाही.

पंचांगातून चीनकडे: अधिक तीन

मराठी वाचकासाठी एक खास वाट आहे. ती इतर भाषांतल्या मार्गदर्शनात सहसा मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आपला संवत्सर काढण्याची रीत जुनी आहे. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी म्हणजे प्रभवापासूनचा क्रमांक. शके १९४७ अधिक १२, म्हणजे १९५९. साठ बत्तीस १९२०, बाकी ३९. एकोणचाळिसावा विश्वावसु. २०२५ चा चिनी क्रमांक काढा: २०२२ ला साठने भागून ४२, यीसी. फरक ३. कोणतंही साल घ्या, फरक तीनच येतो. आपला प्रभव तो त्यांचा चौथा, दिंगमाओ, आगीचा ससा.

हा जुळवाजुळवीचा खेळ नाही, त्यामागे खरा इतिहास आहे. तिबेटमध्ये दोन्ही फेरे भेटले. भारतातून बौद्धांची कालचक्र परंपरा तिबेटात गेली आणि १०२७ हे वर्ष पहिलं धरून तिथे साठ वर्षांची गणना सुरू झाली. त्या फेऱ्याला ‘रबजुंग’ म्हणतात, आणि रबजुंग हा ‘प्रभव’ याचाच तिबेटी अनुवाद. तेच १०२७ चिनी पद्धतीने आगीच्या सशाचं. तिबेटी लोक वर्षाला तत्त्व आणि प्राणी यांच्या जोडीने हाक मारतात, आणि कोणता फेरा हा प्रश्न त्यांनी मुळातच मिटवून टाकला आहे: ते रबजुंगांना क्रमांक देतात. १९८७ पासून सतरावा चालू आहे. ‘सतराव्या रबजुंगचा आगीचा ससा’ म्हटलं की फक्त १९८७.

मुळात दोन्हीकडे बारा वर्षांचं गणित गुरू ग्रहावरून आलं. गुरूला एक प्रदक्षिणा घालायला बारा वर्षांहून थोडा कमी वेळ लागतो, ११.८६ वर्षं. त्यामुळे ग्रहाला धरून चाललं तर मधूनच एखादं नाव गाळावं लागतं. चीनने आणि आपल्या दख्खनेने ग्रहाचा हात सोडून सरळ मोजणी पत्करली. उत्तर भारतात गुरूच्या गतीची पद्धत टिकली, म्हणून तिथल्या पंचांगात याच वर्षाला वेगळं नाव दिसतं. अधिक तीनचा नियम तिथे लावू नका.

आता पडताळा घ्या. शिवराज्याभिषेक शके १५९६, आनंदनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८, बाकी ४८, आनंद. तीन मिळवून ५१: पहिलं खोड जिया, तिसरी फांदी यिन. ६ जून १६७४ ला रायगडावर महाराज सिंहासनावर बसले तेव्हा बीजिंगमध्ये कांगशीचं तेरावं वर्ष, जियायिन, लाकडाच्या वाघाचं वर्ष चालू होतं, आणि तो तरुण सम्राट दक्षिणेतल्या तीन मांडलिकांच्या बंडाशी झुंजत होता. इसवी सनावरून ताळा करा: १६७१ ला साठने भागून बाकी ५१.

मात्र त्यांचं वर्ष आपल्या पाडव्याआधी महिना-दोन महिने बदलतं. त्या मधल्या दिवसांत तीनऐवजी चार मिळवायचे.

इसवी सनापूर्वीची वर्षं

सालाला ६० ने भागून बाकी काढा आणि ती ५८ मधून वजा करा. उत्तर शून्य किंवा ऋण आलं तर ६० मिळवा. छिन श हुआंगने चीन एकछत्री केला ते इ.स.पू. २२१: बाकी ४१, ५८ मधून गेले, उरले १७. सातवं खोड गंग, पाचवी फांदी छन. गंगछन. ५८ हा आकडा विचित्र वाटतो, पण इसवी सनात शून्य वर्ष नाही, त्याची भरपाई त्यात झालेली आहे.

इतक्या जुन्या वर्षांची ही नावं बहुतेक नंतरच्या लोकांनी मागे मोजत नेऊन लावलेली आहेत. वर्षांना साठांची नावं देण्याची रीत त्यानंतरच्या हान घराण्याच्या काळात रुळली. ‘चिनी वर्ष चार हजार सातशे अमुक’ असे आकडेही दिसतात. ते दंतकथेतल्या पीत सम्राटापासून मोजलेले, आणि त्या मोजणीची सुरुवात कोणी इ.स.पू. २६९७ धरतं तर कोणी २६३७. साल ठरवायला त्यांचा आधार घेऊ नका.

अक्षरं आणि शेजारचे देश

मूळ अक्षरं वाचायची असतील तर दोन जोड्यांशी सावध. ‘जी’ खोड आणि ‘सी’ फांदी यांत फरक एवढाच की पहिल्याची वरची डावी बाजू उघडी असते, दुसऱ्याची बंद. ‘वू’ खोड आणि ‘श्यू’ फांदी यांत श्यूच्या पोटात एक छोटी आडवी रेघ जास्त. १८९८ च्या वूश्यूमध्ये ही जोडी शेजारी शेजारीच बसलेली आहे. झिजलेल्या दगडावर रेघा दिसत नाहीत तेव्हा जागा बघायची: पहिलं खोड, दुसरी फांदी.

कोरिया, जपान, व्हिएतनाम इथेही हाच फेरा, उच्चार निराळे. १५९२ चं जपानी आक्रमण कोरियात ‘इमजिन’ म्हणून ओळखतात, तेच आपलं रनछन. १८६८ चं जपानचं ‘बोशिन’ युद्ध म्हणजे वूछन. व्हिएतनाममध्ये सशाच्या जागी मांजर आहे. जपानने १८७३ पासून नववर्ष १ जानेवारीला आणलं, त्यामुळे तिथल्या त्यानंतरच्या तारखांना पहिल्या चुकीचं भय नाही. आगीच्या घोड्याच्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला घातक ठरते, ही तिथली जुनी अंधश्रद्धा. १९६५ मध्ये जपानात सुमारे १८.२ लाख मुलं जन्मली, आणि बिंगवू १९६६ मध्ये फक्त १३.६ लाख. पुढच्या वर्षी आकडा परत वर गेला. साठांतल्या एका नावाने लाखो घरांचे निर्णय फिरवले, हे वाचून मन खिन्न होतं.

साठी पूर्ण होण्याचा आनंदही मात्र सगळीकडे सारखाच. आपण षष्ट्यब्दीपूर्ती करतो, जपानी माणूस साठाव्या वर्षी लाल अंगरखा घालून ‘कानरेकी’ साजरी करतो. जन्मवर्षाचं नाव परत आलेलं असतं.

महिने आणि दिवस

महिन्यांच्या फांद्या ठरलेल्या आहेत: पहिला महिना यिन, दुसरा माओ, अकरावा त्सी. पहिल्या महिन्याचं खोड वर्षाच्या खोडावरून निघतं. जिया आणि जी वर्षी ते बिंग, यी आणि गंगला वू, बिंग आणि शिनला गंग, दिंग आणि रनला रन, वू आणि ग्वेईला जिया. पुढे एकेक सरकवत जा. अधिक महिन्याला वेगळं नाव नाही.

दिवसांचा फेरा सर्वांत जुना. आन्यांगला सापडलेल्या शांग काळातल्या अस्थिलेखांवर दिवस याच नावांनी नोंदलेले आहेत, तीन हजार वर्षांपूर्वीचे. मोजायला १ ऑक्टोबर १९४९ हा दिवस हाताशी ठेवा, तो जियात्सी होता. तिथपासून किती दिवस गेले ते मोजा, ६० ने भागा, बाकीत एक मिळवा. २६ जानेवारी १९५० पर्यंत ११७ दिवस गेले, बाकी ५७, एक मिळवून ५८: शिनयौ. भारत प्रजासत्ताक झाला तो शिनयौ दिवस.

आणि ही मोजणी मध्ये कुठे तुटली तर नाही ना, याचा पुरावा आकाशात आहे. चीनमधल्या लू या प्राचीन राज्याच्या बखरीत जीसी दिवशी सूर्यग्रहण झाल्याची नोंद सापडते. आजच्या गणिताने ते ग्रहण २२ फेब्रुवारी इ.स.पू. ७२० चं. आजच्या दिवसापासून साठ-साठ मागे मोजत त्या तारखेपर्यंत गेलं, की दिवस येतो तो जीसीच.